‘स्वभावाला औषध नाही’ म्हणण्याआधी

सरकारी रुग्णालयातली सोमवारची ओपीडी म्हणजे जत्राच. रविवारी साठून राहिलेला सगळा ताप, खोकला, साखर आणि रक्तदाब त्या दिवशी दारात उभा असतो. अशाच एका सोमवारी ५४ वर्षांचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी असे तिघं आत आले. खुर्चीत बसायच्या आधीच गृहस्थांनी मला सांगितलं, ‘‘मॅडम, तुम्ही फारच जाड आहात.’’ आमची ही पहिलीच भेट होती. मुलीने मान खाली घातली. पत्नी म्हणाली, ‘‘हे असे नव्हते हो.’’

‘हे असे नव्हते’ हे वाक्य मी नोकरीत अनेकदा ऐकलं आहे. कधी दारूच्या संदर्भात, कधी नैराश्याच्या, कधी थायरॉइडच्याही. पण फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजेच एफटीडी नावाचा एक आजार आहे, त्यात हे वाक्य म्हणजे अर्धं निदान असतं. (ओळख पटू नये म्हणून रुग्णांचे तपशील बदलले आहेत.)

हे गृहस्थ एका सरकारी कचेरीत कारकून. हिशेबाला पक्के, बोलायला कमी, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अचानक भजनाला जाणं सोडलं. कारण विचारलं तर ‘काय करायचंय’ एवढंच उत्तर. मग गोडाची ओढ लागली. आयुष्यभर चहात साखर कमी घेणारा हा माणूस पेढ्यांचा पुडा आणून एका बैठकीत संपवू लागला. एका लग्नात त्यांनी पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली. पुढे थोरले भाऊ वारले. दहाव्याला नदीकाठी सगळे रडत असताना हे हसले आणि ‘जेवण किती वाजता?’ असं मोठ्याने विचारलं. ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा’ असं पुतण्या सगळ्यांसमोर बोलला, तर त्याच्याकडेही बघून हसले. थोरल्या जाऊबाईंनी त्या दिवसापासून या घराशी बोलणं टाकलं. शेवटी कचेरीत एका महिला सहकाऱ्याला ते नको ते बोलले. तक्रार झाली, चौकशी लागली, निलंबन झालं.

दरम्यान गावाने आपापली निदानं करून झाली होती. कुणी म्हातारचळ म्हणालं, कुणी बाहेरचं काही असेल म्हणून देवऋषाकडे नेलं, कुणी सांगितलं की स्वभावाला औषध नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणावं, तर साठीही सहा वर्षं दूर होती.

मी त्यांची तपासणी केली. तारीख, वार, तालुका, मुख्यमंत्र्यांचं नाव, सगळं बरोबर. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाच मिनिटांनी तिन्ही सांगितले. शंभरातून सात-सात वजा करत झरझर खाली आले. कारकुनी हाडात भिनलेली असते. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत त्यांना ३० पैकी २९ गुण मिळाले. इथेच थांबले असते तर ‘मेंदू ठणठणीत’ असं लिहून मी त्यांना परत पाठवलं असतं.

मग मी विचारलं, ‘‘नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय?’’ ते म्हणाले, ‘‘अंगण वाकडं असलं तर गवंडी बोलावून सरळ करून घ्यावं.’’ विनोद म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे. एका मिनिटात ‘क’वरून जितके सुचतील तितके शब्द सांगा म्हटलं. कप, कपाट, कागद, काका, एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा आपटायचा अशी एक साधी कृती आम्ही करून घेतो. ती त्यांना सलग तीनदाही जमेना. स्मरण शाबूत होतं. बिघडला होता तो लगाम.

डिमेन्शियाला मराठीत आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. अल्झायमरला तो शब्द चपखल बसतो, इथे मात्र तो दिशाभूल करतो. एफटीडीच्या बहुतेक रुग्णांना सुरुवातीच्या काळात काल काय जेवलो ते आठवतं आणि घराचा रस्ता चुकत नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, याला सगळं कळतंय, हा मुद्दाम करतोय. हे ‘मुद्दाम’ सगळ्यात घातक. घर तिथेच फुटतं.

एमआरआयला आमच्याकडे रांग असते. तीन आठवड्यांनी फिल्म आली. सोबतच्या अहवालात ‘वयोमानानुसार मेंदूची झीज’ असं एका ओळीत लिहिलेलं होतं. ५४ हे काही मेंदू झिजायचं वय नव्हे, म्हणून फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरली. मेंदूचा मागचा भाग भरलेला, घड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. पण कपाळामागचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, आणि कानशिलामागच्या टेम्पोरल लोबचं पुढचं टोक आक्रसलं होतं. घड्यांमधल्या खाचा रुंदावून त्यांत काळं पाणी दिसत होतं. उजवी बाजू डावीपेक्षा जास्त गेली होती. मागून बघावं तर तरुणाचा मेंदू आणि पुढून बघावं तर ऐंशीच्या माणसाचा, असं ते चित्र होतं. आजार वाढला की या घड्या इतक्या पातळ होतात की विकृतिशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना सुरीच्या पात्याची उपमा देतात. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात तो एक किलोच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत.

आता हा पुढचा भाग करतो काय, ते जरा सावकाश पाहू.

डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर मेंदूचा एक पट्टा टेकलेला असतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली की ‘आता थांब’ ही सूचना मिळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मनात येणं आणि तोंडातून निघणं यांच्यामधला उंबरठा म्हणा. मी जाड आहे हे त्या दिवशी माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येकाच्या मनात आलं असेल. बोलले एकटे हेच. दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर, पुढच्या बाजूला, सिंग्युलेट नावाचा भाग आहे. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, उठून ती सुरू करणं हे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असतं. तो झिजला की पखवाज भिंतीला टांगलेला राहतो. वाजवता येत नाही म्हणून नव्हे. हात अजून तयार असतात, पण उठावंसंच वाटत नाही.

तिसरा भाग इन्सुला. कानशिलाच्या आत, घडी बाजूला सारल्याशिवाय दिसणार नाही असा दडलेला. शरीराच्या आतल्या बातम्या इथे पोचतात: भूक, पोट भरल्याची जाणीव, छातीतली धडधड, किळस. आपण पाचव्या पेढ्यावर थांबतो ते शिस्तीने नव्हे. नको वाटतं म्हणून. ते ‘नको’ ज्या भागांतून येतं, तेच या आजारात झिजतात. उष्ट्या ताटाची शिसारीही त्यांच्याबरोबर जाते. दुसऱ्याचं रडणं पाहून आपल्या छातीत जे कालवतं, त्या अनुभवातही इन्सुलाचा मोठा भाग आहे. दहाव्याला हसणाऱ्या त्या भावाला शोक लपवायचा नव्हता की जिरवायचा नव्हता. तो त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

सिंग्युलेट आणि इन्सुलाच्या पुढच्या टोकांत एका खास जातीच्या चेतापेशी असतात. सूत कातायच्या चातीसारख्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी १९२० च्या दशकात त्यांचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्या फॉन इकोनोमो पेशी. माणसाप्रमाणेच मोठी वानरं, हत्ती आणि देवमासे या कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत त्या सापडतात. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंच्या कापांत या पेशी मोजल्या. एफटीडीच्या मेंदूंमध्ये सिंग्युलेटमधल्या या पेशी ७० टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. अल्झायमरच्या मेंदूत मात्र त्या बऱ्यापैकी टिकून होत्या. या पेशी नेमकं काय काम करतात याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. तरी कळपाने राहायला लागणारी अक्कल जिथे झिजते तिथेच त्या मरतात, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा अस्वस्थ करून गेली.

आजार प्रत्येकात कपाळापासूनच सुरू होतो असं नाही. डावा टेम्पोरल लोब आधी झिजला तर शब्दांचे अर्थ पुसले जातात. रुग्ण अस्खलित बोलतो, पण ‘कात्री आण’ म्हटलं तर विचारतो, ‘कात्री म्हणजे काय?’ उजवा झिजला तर ओळखीचे चेहरे परके होतात. डाव्या फ्रंटल लोबच्या खालच्या भागातून सुरुवात झाली तर बोलणं अडखळतं, वाक्याचं व्याकरण मोडतं. अभिनेता ब्रूस विलिस याच्या कुटुंबाने २०२२ मध्ये त्याला बोलण्याचा विकार झाल्याचं आणि २०२३ मध्ये तो एफटीडी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा या आजाराचं नाव आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत आलं. त्या आठवड्यात तीन जणांनी मला ‘हे काय असतं?’ म्हणून विचारलं. एरवी वर्षभरात कुणी विचारत नाही.

आणि आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वी एका प्राथमिक शिक्षिकेला तिच्या नवऱ्याने आणलं होतं. ती गप्प, न्हाण्याची टाळाटाळ, पोर तापाने फणफणलं तरी उठून बघायची नाही. मी नैराश्य ठरवलं आणि गोळ्या सुरू केल्या. गुण येईना तसा डोस वाढवत गेले. नैराश्याचा रुग्ण दुःखी असतो; ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हणतो. ही बाई दुःखी नव्हती, कशानेच काही वाटून घेत नव्हती. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो दोन वर्षांनी पाहिला, स्कॅन केल्यावर. तोवर तिच्या नवऱ्याने तिला दोनदा माहेरी नेऊन सोडलं होतं. अशी चूक करणारी मी एकटी नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्तन बिघडवणाऱ्या एफटीडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांना आधी मानसिक आजाराचं निदान मिळालेलं आढळलं. यातून मला दिलासा मिळत नाही.

आजाराची ओळख मात्र जुनी आहे. १८९२ मध्ये प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांनी ७१ वर्षांच्या एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याची वाचा आणि बुद्धी ढासळत गेली होती, आणि मृत्यूनंतर त्याचा डावा टेम्पोरल लोब आक्रसलेला सापडला. अशा मेंदूंतल्या पेशींमधले गोल गोळे १९११ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ज्यांनी वर्णिले ते स्वतः अलॉइस अल्झायमर. त्यांच्या नावाचा आजार वेगळाच, आणि गोळ्यांना नाव पडलं पिक यांचं. ते गोळे कशाचे, हे कळायला बरीच दशकं गेली. काही रुग्णांत ते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात. जवळपास निम्म्या रुग्णांत दोषी असतं टीडीपी-४३ हे प्रथिन. त्याचा छडा २००६ मध्ये लागला. निरोगी पेशीत ते केंद्रकात राहून काम करतं. आजारात ते केंद्रकाबाहेर पडतं आणि तिथे त्याच्या गाठी होतात. पेशी मरते, मग तिच्याशी जोडलेल्या पेशींची पाळी येते. म्हणून मेंदू सगळीकडून सारखा झिजत नाही. एकमेकांशी बोलणारे भाग एकामागून एक जातात.

हेच प्रथिन स्नायू लुळे करणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारातही सापडतं, आणि एफटीडीच्या काही रुग्णांना पुढे तोही होतो. म्हणून अशा रुग्णाची जीभ बॅटरीच्या उजेडात थरथरते का, आणि अंगठ्याजवळचा मांसल भाग बसला आहे का, हे मी दर भेटीत बघते. आमच्या रुग्णाची मुलगी एकदा बापाला बाहेर बसवून एकटीच आत आली आणि विचारलं, ‘‘मला होईल का?’’ साधारण तिघांतल्या एका रुग्णाच्या नात्यात असाच काही आजार असतो. पण पिढ्यान्‌पिढ्या सरळ उतरणारी, एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारी घराणी त्याहून कमी. तिच्या आजी-आजोबांत, काका-आत्यांत कुणाला असं काही झालं नव्हतं. जनुकतपासणीआधी समुपदेशन घे, आणि ती आजच करायची घाई नको, असं मी तिला सांगितलं.

वागणं बदललं म्हणजे एफटीडीच, असंही नाही. कपाळामागे सावकाश वाढणारी मेंदूच्या आवरणाची गाठ हुबेहूब असंच चित्र उभं करते, आणि ती शस्त्रक्रियेने निघते. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जुना सिफिलिस, दारू, उतारवयात सुरू झालेला उन्माद, हे सगळं आधी तपासावं लागतं. सुरुवातीला एमआरआय साधाच दिसू शकतो. तेव्हा मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारं पेट स्कॅन उपयोगी पडतं, पण ते सगळीकडे होत नाही.

एफटीडी बरा करणारं किंवा थोपवणारं औषध आजमितीला नाही. अल्झायमरसाठीची डोनेपेझिल ही गोळी यात उपयोगाची नाही, काही जणांत तिने चिडचिड वाढते. तरी दर दुसरा रुग्ण ती घेतच माझ्याकडे येतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी खा-खा आणि हट्टीपणा थोडा आवरतो. भ्रमावरची औषधं या रुग्णांना पटकन ताठरवतात, ती जपून द्यावी लागतात.

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास मात्र मी आवर्जून सांगते. डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांत दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता. २०१३ चा हा अभ्यास. फरक निरक्षरांतही दिसला आणि एफटीडीतही. दोन भाषांत ये-जा करताना एक दाबून दुसरी बोलावी लागते, आणि ती दाबादाबी हा फ्रंटल लोबचा रोजचा व्यायाम असावा, असा तर्क आहे. आजार टळतो असं यातून सिद्ध होत नाही. पण घरी मराठी, बाजारात कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या आपल्या माणसांकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघते.

औषध नाही म्हटल्यावर घरच्यांचा चेहरा पडतो. पण निदानाचा कागद हेच पुष्कळदा मोठं काम करतो. या आजारात पैसा पहिल्यांदा जातो. लॉटरी, ऑनलाइन खेळ, ‘ओळखीच्या’ माणसाला उसने. म्हणून मोबाइलवरचे पैशाचे व्यवहार बंद करणं, खातं संयुक्त करणं हे निदानाच्या आठवड्यातच व्हावं. लोक मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. आपल्या कायद्यात ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं, ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही.

नोकरीचंही तसंच. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात वर्तनबदल असलेल्या एफटीडीच्या ३७ टक्के रुग्णांच्या हातून कायद्याविरुद्ध काही ना काही घडलं होतं. अल्झायमरमध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास. चोरी, अश्लील बोलणं, बेफाम गाडी चालवणं. त्या महिला सहकाऱ्याला झालेला त्रास खरा होता, तिची तक्रारही योग्य होती. तरी ज्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालली होती त्या माणसाचा लगामच झिजलेला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमानुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. मी वैद्यकीय मंडळासाठी चार पानी टिपण लिहिलं, सोबत फिल्म जोडली. सात महिने गेले. चौकशी थांबली आणि त्यांना रुग्णता निवृत्तिवेतन मिळालं.

हे सगळं मिटल्यावर त्यांच्या पत्नी एकदा एकट्याच आल्या. मला वाटलं, एखादा दाखला राहिला असेल. त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, तो फोटो द्याल का चार दिवस? जाऊबाईंना दाखवायचाय.’’ फिल्म त्यांचीच होती, पण फिल्म पाहून काय कळणार? मी म्हटलं, त्यांनाच घेऊन या.

पुढच्या सोमवारी दोघी आल्या, ते गृहस्थही होते. जाऊबाई दाराजवळच उभ्या राहिल्या. मी फिल्म खिडकीला लावली, आधी मागचा भाग दाखवला, मग पुढचा. कुठे भरलंय, कुठे रिकामं झालंय, बोटाने दाखवत गेले. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग विचारलं, ‘‘दुखतं का भाऊजींना?’’

नाही म्हटलं, त्यांना काही दुखत नाही.

बाहेर बाकावर गृहस्थ शेजारच्या रुग्णाच्या बिस्किटाचा पुडा संपवत होते. जाऊबाई त्यांच्याकडे गेल्या, पदराने त्यांच्या शर्टावरचा भुगा झटकला आणि त्या शेजाऱ्याला म्हणाल्या, ‘‘थांबा, मी दुसरा आणून देते.’’